टकरीच्या न्युमेरिकलमध्ये दरवेळी १.४१४ चा घोळ का होतो (रिलेटिव्ह स्पीड, समस्या निवारण)

कायनेटिक थिअरीचं (गॅसच्या रेणूंच्या पळापळीचं) युनिट सुरू झालं की पंधरा दिवसांच्या आत कोणीतरी वही घेऊन येतंच, आणि वहीत तोच प्रॉब्लेम असतो, उत्तर १.४१४ (म्हणजे √२) पटीने कमी आलेलं असतं नाहीतर तेवढंच जास्त. मी धुळ्यात बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या पोरांना फिजिकल केमिस्ट्री शिकवतो, आणि हे इतक्या वेळा बघितलंय की आता एकदाच नीट बसून सगळं लिहून काढतोय, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाचा जीव वरखाली व्हायला नको.

परवाच शहाद्याकडची एक मुलगी आली, वही पुढे केली आणि म्हणाली, "सर, बठ्ठं चुकी गयं", म्हणजे सगळं चुकलं. मी बघितलं तर बठ्ठं काही चुकलेलं नव्हतं. अक्षर सुरेख, प्रत्येक पायरी लिहिलेली, एककं सुद्धा लावलेली. न्युमेरिकल नेहमीचंच होतं: नायट्रोजन, २९८ केल्विन, १ अ‍ॅटमॉस्फिअर, कोलिजन क्रॉस सेक्शन, म्हणजे सिग्मा (टकरीसाठी रेणू जेवढं क्षेत्रफळ अडवतो ते), ०.४३ नॅनोमीटर स्क्वेअर, एक रेणू सेकंदाला किती टकरी घेतो आणि दोन टकरींच्या मध्ये सरासरी किती अंतर जातो ते काढा. तिने पानाच्या वर सरासरी वेग काढला होता ४७५ मीटर पर सेकंद, बरोबर. खाली टकरी, म्हणजे झेड, ५.०३ × १०^९, चूक. त्याच्या खाली मीन फ्री पाथ, म्हणजे लॅम्डा, ६७ नॅनोमीटर, परत बरोबर! आता मधलं चूक आणि शेवटचं बरोबर हे कसं काय? तर लॅम्डाच्या फॉर्म्युल्यात √२ छापलेलाच असतो, तो तिला पाठ होता, आणि झेडच्या फॉर्म्युल्यात (सिग्मा गुणिले वेग गुणिले घनमीटरमधले रेणू) रिलेटिव्ह स्पीड, म्हणजे दुसऱ्या रेणूच्या नजरेने दिसणारा वेग, घालायचा तिथे तिने साधा सरासरी वेग घातला होता.

मी तिला एवढंच सांगितलं की झेड आणि लॅम्डाचा गुणाकार करून बघ. सेकंदाला इतक्या टकरी, दोन टकरींमध्ये इतकं अंतर, मग गुणाकार म्हणजे सेकंदाला कापलेलं एकूण अंतर, म्हणजेच त्या रेणूचा स्वतःचा सरासरी वेग. तिचा गुणाकार आला ३३६. वर लिहिलेलं ४७५. ती दोन्ही आकड्यांकडे बघत राहिली आणि मग स्वतःच म्हणाली की ४७५ ला ३३६ ने भागलं तर १.४१४ येतंय.

ही तपासणी आधी लिहून ठेवा, कारण ती कुठल्याही गॅसला, कुठल्याही टेंपरेचरला चालते: झेड गुणिले लॅम्डा बरोबर सरासरी वेग. सरासरी वेग, रिलेटिव्ह नाही. इथेच दुसरी टोळी फसते, ते लोक झेड बरोबर काढतात, ७.१ × १०^९, आणि मग लॅम्डा काढताना रिलेटिव्ह स्पीड ६७१ ला झेडने भागतात, उत्तर येतं ९४ नॅनोमीटर. आणि काहीजण झेडमध्ये √२ घेऊन परत लॅम्डाच्या वेळी अजून एकदा √२ ने भागतात, त्यांचं ४७ येतं. तर लॅम्डा ९४ आला तर √२ एकदाही लागलेला नाही, ४७ आला तर दोनदा लागलाय, हवा एकदा.

आता हा √२ येतो कुठून. मी वर्गात नेहमी धुळ्याचंच उदाहरण देतो, कारण आपल्याकडे मुंबई-आग्रा हायवे आणि सुरत-नागपूर हायवे एकमेकांना छेदतात, एक साधारण उत्तर-दक्षिण जातो, दुसरा पूर्व-पश्चिम. समजा तुम्ही मालेगावकडून शिरपूरच्या दिशेने ६० च्या स्पीडने चालले आहात. पुढे त्याच दिशेने ६० नेच केळीचा ट्रक चाललाय, तर तुमच्या नजरेने तो ट्रक जागचा हलत नाही, रिलेटिव्ह स्पीड शून्य, टक्कर व्हायचा प्रश्नच नाही. समोरून शिरपूरकडून एक ६० ने येतोय, तर तो तुमच्यावर १२० ने येतोय. आणि साक्रीकडून पारोळ्याच्या दिशेने एक ६० ने चौकात येतोय, काटकोनात, तर तो तुमच्या नजरेने तिरका येतो आणि त्याचा स्पीड ६० × १.४१४, म्हणजे ८५ च्या जवळ. तिन्ही गाड्यांचा काटा ६० च दाखवतोय, तुमचाही ६०, पण टक्कर किती लवकर आणि किती जोरात होणार ते काट्यावरून ठरत नाही, दोघांच्या वेगातल्या फरकावरून ठरतं, आणि वेगाला दिशा असते.

गॅसमध्ये हायवे नाही, रेणू सगळ्या दिशांनी येतात. म्हणून झेड काढताना आपण असं धरतो की एका रेणूवर बसलोय आणि बाकीचे आपल्याकडे येतायत. बाकीचे सगळे थांबलेले असते तर आपला साधा सरासरी वेग पुरला असता, तेव्हा झेड ५.०३ × १०^९ च आला असता. म्हणजे त्या मुलीने जे काढलं होतं ते एका वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होतं, असा गॅस ज्यात एकच रेणू पळतोय आणि बाकीचे जागेवर गोठलेत. खऱ्या गॅसमध्ये सगळेच पळतात, म्हणून टकरी ४१ टक्के जास्त.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पण हुशार पोरं इथेच अडकतात आणि त्यांच्यासाठी मला जरा थांबावंसं वाटतं. बऱ्याच नोट्समध्ये लिहिलेलं असतं की कोन शून्यापासून १८० पर्यंत काहीही असू शकतो, सरासरी कोन ९०, म्हणून रिलेटिव्ह स्पीड √२ पट. मग एखादा पोरगा खरंच इंटिग्रेशन करून बघतो. दोघांचा वेग सारखा धरतो, सगळ्या दिशा सारख्या शक्य धरतो, रिलेटिव्ह स्पीड म्हणजे २ व्ही साइन थीटा बाय टू, त्याची गोलावर सरासरी काढतो, आणि उत्तर येतं ४/३. १.३३३, १.४१४ नाही. मग तो घाबरतो की आपलं इंटिग्रेशन चुकलं. चुकलेलं नसतं! क्लॉझियस नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८५८ साली अगदी हेच केलं होतं आणि त्यालाही ४/३ च मिळालं होतं, कारण त्यानेही सगळ्या रेणूंचा वेग सारखा धरला होता.

त्या काळात हा प्रश्न निघाला कसा ते पण सांगतो, मला हा किस्सा फार आवडतो. बाइज बॅलट नावाच्या डच हवामानशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला की रेणू जर सेकंदाला शेकडो मीटर पळतात म्हणता तर वास खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पोचायला इतका वेळ का लागतो? आपल्याकडे विचारायचं तर अंगणात काड्यांवर भरताची वांगी भाजायला घेतली तर ४७५ मीटर पर सेकंदच्या हिशोबाने वास गल्लीच्या टोकाला पापणी लवायच्या आत जायला पाहिजे, तसा तो जात नाही. क्लॉझियसने उत्तर दिलं की रेणू पळतो खरा पण दर पावलाला धडकतो आणि दिशा बदलतो, आणि तिथूनच मीन फ्री पाथ ही कल्पना आली. म्हणजे तुम्ही जो लॅम्डा काढताय तो ह्या वासाच्या भांडणातून जन्मलाय.

पुढे १८६० मध्ये मॅक्सवेलचा पेपर छापून आला, त्यात वेगांचं डिस्ट्रिब्युशन होतं, कोणी हळू कोणी जोरात, आणि ते धरलं की ४/३ चं √२ होतं. का होतं, ते इंटिग्रेशनशिवाय असं बघा. एका रेणूच्या वेगाचा एक्स दिशेतला भाग घंटेच्या आकाराच्या कर्व्हवर पसरलेला असतो, आणि तो पसारा, म्हणजे व्हेरियन्स, केटी बाय एम इतका (के बोल्ट्झमनचा, टी टेंपरेचर, एम एका रेणूचं वजन). दुसऱ्या रेणूचा पण तेवढाच. आता दोघांच्या वेगाची वजाबाकी केली तर पसारा वजा होत नाही, बेरीज होते. कापसाचं वजन करणाऱ्याला हे लगेच कळतं. एकाच काट्यावर दोन ढीग मोजले आणि प्रत्येक मापात किलोभर इकडेतिकडे होतंय, तर दोन ढिगांमधला फरक काढल्यावर त्या फरकातली चूक काही मिटत नाही, ती वाढून १.४ किलोच्या आसपास जाते. तसंच इथे. पसारा २ केटी बाय एम झाला, आकार तोच घंटेचा राहिला, म्हणजे रिलेटिव्ह स्पीडचं डिस्ट्रिब्युशन पण मॅक्सवेलचंच, फक्त एम च्या जागी एम बाय २. तेच ते रिड्यूस्ड मास, म्यू (दोन वजनांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज). सरासरी वेगाच्या फॉर्म्युल्यात एम च्या जागी म्यू टाका, √२ आपोआप बाहेर येतो.

मग ९० अंशवाला युक्तिवाद चूक का? उत्तर बरोबर येतं, कारण वेगाच्या स्क्वेअरच्या सरासरीसाठी तो खराच आहे: व्ही वन स्क्वेअर अधिक व्ही टू स्क्वेअर वजा २ व्ही वन व्ही टू कॉस थीटा, सगळ्या दिशांवर सरासरी घेतली की कॉस थीटाची टर्म शून्य होते आणि उरतं दुप्पट. म्हणजे आरएमएससाठी (स्क्वेअरच्या सरासरीचं वर्गमूळ) √२ कोणत्याही डिस्ट्रिब्युशनला येतो, सरासरी स्पीडसाठी तो मॅक्सवेलच्या डिस्ट्रिब्युशनमुळे येतो. परीक्षेत ९० अंश लिहिलं तर मार्क मिळतात बहुतेक ठिकाणी, पण एम.एस्सी.च्या पोरांनी म्यूचा रस्ताच धरावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढच्याच न्युमेरिकलमध्ये दोन वेगळे गॅस आले की ९० अंशवाले गडबडतात.

तेच बघू. हायड्रोजन आणि नायट्रोजन, २९८ केल्विन. हायड्रोजनचा सरासरी वेग १७६९, नायट्रोजनचा ४७५. रिलेटिव्ह किती? मी आतापर्यंत वह्यांमध्ये बघितलेली उत्तरं: २२४४ (बेरीज केली), १२९४ (वजाबाकी केली), १५८७ (दोघांची सरासरी काढून √२ ने गुणलं). तिन्ही चूक. बरोबर १८३२. रिड्यूस्ड मास काढा, २.०१६ गुणिले २८.०१ भागिले ३०.०३, म्हणजे १.८८ ग्रॅम पर मोल, किलोत ०.००१८८, आणि फॉर्म्युल्यात टाका. पडताळा हवा असेल तर सरळ पायथागोरस लावा, १७६९ चा वर्ग अधिक ४७५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, १८३२ च येईल. हा पायथागोरस सरासरी वेगांना तंतोतंत लागू पडतो, अंदाज म्हणून नाही. आणि म्यू बद्दल एक लक्षात ठेवा, तो नेहमी हलक्या रेणूपेक्षाही कमी असतो. तुमचा म्यू २.०१६ च्या वर गेला तर तुम्ही भागाकार उलटा केलाय किंवा दोघांची सरासरी काढलीय. एकाच गॅसमध्ये काही जण म्यू म्हणजे २ एम घेतात (दोन रेणू म्हणून दुप्पट वजन), त्यांचा रिलेटिव्ह स्पीड ३३६ येतो, म्हणजे रेणूच्या स्वतःच्या वेगापेक्षाही कमी, आणि तिथेच शंका यायला हवी.

दुसऱ्या टोकाला भिंत. गॅसचे रेणू भांड्याच्या भिंतीच्या एका चौरस मीटरवर सेकंदाला किती आपटतात, तिथे फॉर्म्युला आहे एक चतुर्थांश एन व्ही (एन घनमीटरमधले रेणू, व्ही सरासरी वेग), आणि त्यात √२ नाही. पोरं सवयीने घालतात. भिंत कुठे पळतेय? तिचं वजन रेणूच्या मानाने अफाट, मग म्यू म्हणजे रेणूचंच वजन, आणि रिलेटिव्ह स्पीड म्हणजे रेणूचाच वेग. इफ्यूजनला (गॅस बारीक भोकातून बाहेर पडणं) पण तेच, बारीक भोकातून बाहेर पडणारा रेणू कोणाशी धडकत नाहीये.

आता चुकीच्या आकड्यावरून चूक ओळखायची कशी ते सांगतो, आणि ह्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. सगळीकडे तोच नायट्रोजन, २९८ केल्विन, सरासरी वेग ४७५ यायला पाहिजे. तुमचा १५ आला? मोलर मास ग्रॅममध्ये टाकलंय, २८ नाही ०.०२८ टाका, १००० चं वर्गमूळ ३१.६, तेवढ्याने उत्तर खाली गेलं. १५ मीटर पर सेकंद म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, एसटीचा स्पीड, नायट्रोजन तेवढा हळू असेल का. १३.३ आला? हे फसवं आहे, कारण १५ च्या जवळ आहे आणि सगळे परत ग्रॅम-किलोच तपासत बसतात. ही कॅल्क्युलेटरच्या कंसाची चूक आहे. ८ गुणिले ८.३१४ गुणिले २९८ भागिले पाय गुणिले ०.०२८ असं सलग दाबलं की कॅल्क्युलेटर पायने भागतो आणि ०.०२८ ने गुणतो, खालच्या दोघांना कंस घाला. ४७ आला तर आर, म्हणजे गॅस कॉन्स्टंट, ०.०८२१ घेतलाय, तो लिटर अ‍ॅटमॉस्फिअरवाला, इथे ८.३१४ च लागतो. १३७ किंवा १३८ आला तर टेंपरेचर २५ टाकलंय, सेल्सिअसमध्ये. ५१५ आला तर आरएमएस काढलाय, फॉर्म्युल्यात ८ बाय पाय च्या जागी ३ आलाय, आणि ४२१ आला तर मोस्ट प्रोबेबल, म्हणजे सगळ्यात जास्त रेणूंचा असतो तो वेग. आणि उत्तर १० चा वजा १० वा घात असलं काही आलं तर बोल्ट्झमनचा के घेतलाय पण वजन मोलचं टाकलंय, के सोबत एका रेणूचं वजन, आर सोबत एका मोलचं, ही जोडी मोडायची नाही.

हे सगळं आठवलं नाही तरी एक ढोबळ कसोटी आहे, हवेत आवाजाचा वेग २५ अंशाला ३४६ च्या आसपास, आणि आवाज रेणूंच्याच धडकाधडकीतून पुढे जातो, म्हणून रेणूंचा सरासरी वेग त्याच्यापेक्षा जास्तच असणार, साधारण १.३५ पट. उत्तर त्याच्या खाली गेलं की मागे फिरा.

क्रॉस सेक्शन दिलेला नसेल आणि डायमीटर दिला असेल तर सिग्मा म्हणजे पाय डी स्क्वेअर, पूर्ण डी, त्याच्या अर्ध्याचा वर्ग नाही. दोन गोट्या टेकतात तेव्हा त्यांच्या केंद्रांमधलं अंतर एका गोटीच्या व्यासाएवढं असतं, त्रिज्येएवढं नाही. शाळेपासून वर्तुळाचं क्षेत्रफळ पाय आर स्क्वेअर डोक्यात बसलेलं असतं म्हणून हात तिकडे जातो आणि झेड चारपट कमी येतो, १.८ × १०^९.

मग एक हाफचा प्रश्न. एका रेणूच्या टकरी झेड, ७.१ × १०^९. एका घनमीटरमध्ये रेणू २.४६ × १०^२५. दोघांचा गुणाकार केला तर प्रत्येक टक्कर दोनदा मोजली जाते, एकदा ह्याच्या खात्यात, एकदा त्याच्या. दोन पोरं शाळेत धडकली आणि दोघांनी आपापल्या घरी सांगितलं तर तक्रारी दोन होतात, टक्कर एकच. म्हणून २ ने भागायचं, एकूण टकरी ८.७५ × १०^३४ पर घनमीटर पर सेकंद. वेगळे दोन गॅस असतील तर २ ने भागायचं नाही, कारण आपण फक्त ए च्या बाजूनेच मोजतोय. आणि ज्यांना हायड्रोजन आयोडाइडचं विघटन येतं त्यांनी अजून एक बघायचं, एका यशस्वी टकरीत हायड्रोजन आयोडाइडचे, म्हणजे एचआयचे, दोन रेणू संपतात, म्हणून एचआय किती वेगाने कमी होतो असं विचारलं तर तो २ परत येतो, आणि रिअ‍ॅक्शनचा रेट विचारला तर येत नाही. १९१८ मध्ये लुईस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोलिजन थिअरी (रिअ‍ॅक्शनचा रेट टकरींवरून काढणारी) ह्याच रिअ‍ॅक्शनवर घासून बघितली होती, म्हणून सगळ्या पुस्तकांत हीच असते.

एम.एस्सी.वाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. ६७१ हा सगळ्या जोड्यांचा सरासरी रिलेटिव्ह स्पीड आहे. ज्या जोड्या खरंच धडकतात त्यांचा सरासरी विचारला तर तो ६७१ नाही. जोरात येणाऱ्या जोड्या जास्त वेळा धडकतात, म्हणून टकरींची यादी केली तर तिच्यात जोरदार जोड्या जास्त भरतात, आणि सरासरी निघते ७९१ च्या आसपास, ३ पाय बाय ८ पट, म्हणजे १८ टक्के जास्त. म्हणून धडकणाऱ्या जोडीची सापेक्ष गतिज ऊर्जा सरासरी २ केटी येते, दीड केटी नाही. झेड काढायला मात्र ६७१ च घ्यायचा, कारण जोरदार जोड्या जास्त धडकतात हे झेडच्या फॉर्म्युल्यात आधीच धरलेलं आहे, ७९१ घातला तर परत दोनदा मोजल्यासारखं होतं. कोणी हे दीड आणि दोनचं कोडं घेऊन आलं की मला खूप आनंद होतो, कारण तो पोरगा खरंच वाचतोय.

टेंपरेचरवरून दरवर्षी एक चूक होते. जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा १२ अंशाला असतो आणि मे महिन्यात भुसावळला दुपारी ४५. रेणू किती जोरात पळत असतील असं विचारलं तर पोरं म्हणतात चौपट. टेंपरेचर केल्विनमध्ये घ्या, २८५ आणि ३१८, आणि वर्गमूळ काढा. ४६४ चे ४९० झाले, बस, साडेपाच टक्के. रिलेटिव्ह स्पीड पण साडेपाचच टक्के वाढला. आणि टकरी? उघड्या हवेत टकरी कमी होतात, साधारण ५ टक्क्यांनी, कारण प्रेशर तेवढंच राहतं आणि हवा प्रसरण पावून रेणू विरळ होतात. बंद डब्यात तापवलं तर टकरी वाढतात. प्रश्नात कॉन्स्टंट प्रेशर आहे का कॉन्स्टंट व्हॉल्यूम ते आधी बघा, मगच पेन उचला. आणि "१० अंश वाढले की रिअ‍ॅक्शन दुप्पट होते कारण टकरी वाढतात" हे तर लिहूच नका. २९८ वरून ३०८ ला गेल्यावर बंद डब्यात टकरी वाढल्या १.७ टक्के. दुप्पट जे होतं ते एक्स्पोनेन्शियल टर्ममुळे, मोलमागे ५० किलोज्यूलचा अडथळा ओलांडायला लागणारी ऊर्जा असलेल्या टकरींचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं.

शेवटी एक सोडवलेलं देतो, आपल्या रावेर-यावलच्या पोरांना ती केळी पिकवायची खोली माहीत आहे. केळी पिकवायचं चेंबर, १८ अंश, १ अ‍ॅटमॉस्फिअर, हवेत इथिलीन (फळं पिकवणारा गॅस) १०० पीपीएम. इथिलीनचा एक रेणू कोणाशी किती धडकतो? टेंपरेचर २९१ केल्विन, एकूण रेणू २.५२ × १०^२५ पर घनमीटर, त्यातला नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, इथिलीन दहा हजारात एक. इथे बहुतेक जण एकूण रेणूंचा आकडा घेऊन एकच झेड काढतात आणि त्याला √२ लावतात. तसं करायचं नाही, तीन झेड वेगळे काढायचे. सिग्मासाठी दोघांच्या डायमीटरची सरासरी घ्यायची (इथिलीन ०.४५, नायट्रोजन ०.३७, ऑक्सिजन ०.३६ नॅनोमीटर), प्रत्येकाला त्याचा त्याचा म्यू.

नायट्रोजनशी रिलेटिव्ह स्पीड ६६३, टकरी ६.९ × १०^९. ऑक्सिजन जरा जड, रिलेटिव्ह स्पीड ६४२, टकरी १.७५ × १०^९. आणि दुसऱ्या इथिलीनशी? रिलेटिव्ह स्पीड ६६३ च, कारण इथिलीन २८ आणि नायट्रोजन पण २८, पण इथिलीन इतका विरळ की टकरी फक्त १.०६ × १०^६, साधारण आठ हजार टकरींत एखादी. तिन्हींची बेरीज ८.६५ × १०^९.

मीन फ्री पाथ काढताना तीन रिलेटिव्ह स्पीडपैकी कोणता घ्यायचा असं एकाने मागच्या आठवड्यात विचारलं. एकही नाही. इथिलीनचा स्वतःचा सरासरी वेग घ्यायचा, ४६९, भागिले ८.६५ × १०^९, आले ५४ नॅनोमीटर.